तीन महिन्यांची शुगर ६.४ आली, म्हणून गोळ्या बंद?

गोदाकाठ:
एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी, यावरचा एक मजकूर दोन दिवसांपासून सगळ्या ग्रुपांवर फिरायलाय. "एचबीएवनसी हाच शुगरचा खरा आकडा. उपाशीपोटी, जेवणानंतर वगैरे सगळा लॅबवाल्यांचा धंदा. आकडा ६.५ च्या खाली आला की गोळ्या बंद करा." खाली दीडशे हात जोडलेले. पहिल्या दोन वाक्यांवर वाद घालता येईल, तिसरं मात्र एखाद्याला आयसीयूत नेईल.

६.५ ही निदानाची रेष आहे. ५.७ च्या खाली ठीक, ५.७ ते ६.४ काठावर, ६.५ पासून पुढे मधुमेह. गोळी चालू असताना ६.४ आला, तर त्याचा अर्थ गोळी काम करतेय एवढाच.

आणि हा आकडा सरासरीचा आहे, तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनला किती टक्के साखर चिकटलीय त्यावरून काढलेला. २८.७ ने गुणा, ४६.७ वजा करा, सरासरी शुगर मिळते: ७ म्हणजे १५४, ८ म्हणजे १८३, ९ म्हणजे २१२. एकाची शुगर दिवसभर १३० ते १८० मध्ये, दुसऱ्याची पहाटे ५५ आणि जेवणानंतर २८०. दोघांच्याही रिपोर्टवर ७ येऊ शकतो. ग्लिमेपिराइड (शुगर गरजेपेक्षा खाली नेऊ शकणारी गोळी) घेणाऱ्या सत्तरीच्या आजोबांचा ६.१ आला की घरचे पेढे वाटतात. खरं तर तेव्हा रात्री दरदरून घाम येतो का, पहाटे बरळतात का, हे विचारायला पाहिजे. त्या वयात, बाकी दुखणी असताना, साडेसात-आठलाही डॉक्टर समाधान मानतात.

जांभळंझाकण:
लॅबवाल्यांचा धंदा म्हटल्यावर आम्ही येणारच. पण तुमचंही अर्धंच आहे. या भागात उपाशीपोटीच्या शुगरवर भरवसा ठेवायचा म्हणजे काय, ते खेड्यातल्या कलेक्शन सेंटरवर येऊन बघा. माणूस पहाटेच्या एसटीनं निघतो, स्टँडवर चहा मारतो आणि "चहाच तर घेतला" म्हणून हात पुढं करतो. दुसरा आदल्या दिवसापासून लंघन करून येतो, आकडा चांगला यावा म्हणून. तिसऱ्याचं रक्त साध्या ट्यूबमध्ये तीन तास मोटारसायकलच्या डिकीत. पेशी वेगळ्या केल्या नाहीत तर ट्यूबमधली साखर तासाला पाच-सात टक्क्यांनी उतरते, उन्हात आणखी. साखर टिकावी म्हणून वापरतात त्या करड्या झाकणाच्या फ्लोराइड ट्यूबमध्येसुद्धा ती घट पुरती थांबायला तास-दोन तास जातात.

एचबीएवनसीला यातलं काही नाही. रक्त गोठू न देणारी जांभळी ईडीटीए ट्यूब, दोन मिली रक्त, आठ-दहा वेळा हलक्या हातानं उलटसुलट केली की झालं. जेवून या, चहा पिऊन या. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं. तालुक्यापासून लांब राहणाऱ्याला एकच तपासणी परवडत असेल तर हीच करावी, माझं मत बदलणार नाही.

ऊसपट्टा:
बदलू नका, पण शेजारी एचबी, म्हणजे हिमोग्लोबिन, लिहा. बीडकडची ऊसतोडीला जाणारी बाई घ्या. एचबी ८, लोहाची कमतरता, एचबीएवनसी ६.६. लगेच "मधुमेह" शिक्का. उपाशीपोटी ९५, जेवणानंतर १२५, ते कोणी बघितलंच नाही. लोह कमी असलं की आकडा खोटाच वर जातो. लोहाच्या गोळ्या सुरू केल्या की नव्या पेशी भराभर येतात, त्यांना साखर चिकटायला वेळच मिळालेला नसतो, मग आकडा खाली. काहीच लक्षणं नसतील तर एका रिपोर्टवर निदान करायचंच नसतं, दुसरा पुरावा लागतो. इथे तो घ्यायचा आणि एचबी भरून स्थिरावल्यावर तपासणी परत.

उलटंही होतं. रक्त चढवलंय, बाळंतपणात रक्त गेलंय, पेशी लवकर फुटतात, डायलिसिसवर एरिथ्रोपोएटिनची (रक्त वाढवणारी) इंजेक्शनं चालू आहेत: शुगर २५० असली तरी रिपोर्ट गोड बोलतो, आकडा कमीच दाखवतो. मेटफॉर्मिन ही शुगरची नेहमीची गोळी वर्षानुवर्षं घेऊन बी-१२ घटलं, तर तेही गणित बिघडवतं.

जांभळंझाकण:
बरं बाई, जिंकलात. एचबी नेहमी लिहू, फुकट करू, वर चहा पाजू.
थट्टा बाजूला. एचपीएलसी मशीन (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारं) असेल तर रिपोर्टबरोबर आलेख मागा. त्यात ए-वन-सी चा कळस वेगळा दिसतो. किनवट-माहूरच्या पट्ट्यात सिकलसेल, हा तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार, आहे. तिथल्या पेशंटच्या आलेखात 'एस' चा, म्हणजे सिकलसेलच्या हिमोग्लोबिनचा, जादा कळस दिसला तर आकड्यावर विश्वास ठेवण्याआधी थांबायचं. सिकलसेलचा पूर्ण आजार असेल तर एचबीएवनसीला अर्थच नाही. तिथे फ्रुक्टोसामाइन करा, रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेली साखर मोजणारी तपासणी. ते मागच्या दोन-तीन आठवड्यांचं सांगतं, पण लघवीतून प्रथिनं जात असतील तर तेही फसवतं.

मालदांडी:
एवढा खल कशाला? दोन वेळा ज्वारीची भाकरी खा, आकडा आपोआप उतरतो. आमच्या आज्या-पणज्यांना कुठं होती शुगर?

गोदाकाठ:
आला! याचीच वाट बघत होतो. मालदांडी असो की हायब्रीड, १०० ग्रॅम पिठात साधारण ७० ग्रॅम कर्बोदकं. घरची एक जाडजूड भाकरी ७०-८० ग्रॅम पिठाची. म्हणजे दोन भाकऱ्यांत शंभरावर ग्रॅम, पिठलं वेगळंच. आणि आज्या शेतात दिवसभर राबायच्या. तुम्ही भाकरी तीच खाता आणि बांधापर्यंत बुलेटवर जाता.

मालदांडी:
मग गव्हाची पोळी खायची का? की ओट्स? हुरड्याच्या जागी कॉर्नफ्लेक्स? बाहेरून आलेलं सगळं चांगलं आणि आपलं ते विष, असंच चाललंय.

ऊसपट्टा:
विष कोण म्हणालं? ज्वारीत तंतू आहेत, मैद्यापेक्षा कितीतरी बरी. पण भाकरी मोजायची नाही हा हट्ट कशाला? ग्लुकोमीटर आहे ना घरात? एक दिवस दोन भाकऱ्या नि ठेचा. दुसऱ्या दिवशी एक भाकरी, वाटीभर मटकी आणि पालेभाजी. दोन्ही दिवशी पहिल्या घासापासून बरोबर दोन तासांनी बोट टोचा. हात साबणानं धुऊन कोरडा करा, गूळ फोडलेल्या बोटानं २०० दाखवतं. आणि पट्ट्यांच्या डबीचं झाकण घट्ट लावा; बऱ्याच पट्ट्या ३० अंशांच्या आत ठेवायच्या असतात, आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याखाली ४२ च्या पुढं जातं.

मालदांडी:
टोचतो. पण दोन भाकऱ्यांना १६० आले तर इथं येऊन माफी मागायची.

गोदाकाठ:
मागू. २४० आले तर तुम्ही दुसरी भाकरी सोडा.

जांभळंझाकण:
धागा चुलीवर गेला, परत आणतो. मजकूर टाकणाऱ्यांचा एक प्रश्न तरी रास्त आहे: गोळ्या कधीच सुटत नाहीत का? काहींच्या सुटतात, विशेषतः आजार नवा असेल आणि वजन चांगलं उतरलं असेल तर. पण क्रम उलटा आहे. आधी डॉक्टरांच्या देखरेखीत गोळी थांबते, मग निदान तीन महिने गोळीशिवाय गेल्यावर तपासणी होते, आणि तेव्हा ६.५ च्या खाली असेल तर त्याला रेमिशन, म्हणजे आजार ओसरणं, म्हणतात. पुढंही वर्षाला तपासणी सुटत नाही. इन्सुलिनवरच्या टाइप-वनवाल्यांनी तर तो मजकूर वाचूसुद्धा नये.

गोदाकाठ:
हे मान्य. आणि ७.१ वरून ६.९ आला म्हणून नाचू नका, ७.३ झाला म्हणून डॉक्टरही बदलू नका. एवढा फरक मशीनचाच असू शकतो. निम्मा आकडा शेवटच्या महिन्याचा असतो, म्हणून दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी केलेली तपासणी आणि श्रावण पाळून केलेली तपासणी शेजारी ठेवू नका. लॅब तीच ठेवा. गोळ्या बदलल्या असतील तर तीन महिन्यांनी, सगळं स्थिर असेल तर सहा महिन्यांनी.

जांभळंझाकण:
लॅब तीच ठेवा म्हणालात, हे स्क्रीनशॉट काढून काउंटरवर लावतो.

मालदांडी:
१९२. दोन भाकऱ्या, पिठलं. हात धुतले होते. माफी कोणीच मागू नका.

ऊसपट्टा:
पिठलं ठरलं नव्हतं. उद्या एक भाकरी, मटकी, दोन तास. आणि पट्ट्यांच्या डबीवरची तारीख बघून सांगा.