गेममधल्या अनोळखी 'दादा'पासून मुलाला लांब कसं करायचं? मदत हवी आहे

मुलगा १४ वर्षांचा आहे, ऑनलाइन गेममध्ये एकाशी ओळख झालीये, तो स्वतःला १९ चा सांगतो पण व्हिडिओवर कधीच येत नाही. आधी गेममधल्याच व्हॉइस चॅटवर बोलायचे, आता त्याने याला दुसऱ्या अ‍ॅपवर नेलंय जिथे मेसेज आपोआप डिलीट होतात, वर फुकट स्किन्स (गेममधल्या पात्राचे, शस्त्रांचे नवे रूप) पाठवतो आणि "घरी सांगू नको हं" म्हणतो, मला तेच खटकतंय. फोटो, पैसे अजून मागितलेले नाहीत. चॅट मुलाने स्वतःहून दाखवलं, स्क्रीनशॉट ठेवलेत. शांतपणे समजावून झालं, पण त्याला वाटतं आम्ही मित्र तोडतोय. फोन काढून घ्यायचा नाहीये, नाहीतर पुढचं काही सांगणारच नाही तो. अशा वेळी लगेच ब्लॉक-रिपोर्ट करायचं की आधी त्याला पटवायचं, आणि पटवायचं तर नेमकं काय बोलून?