साच्यात कोंबलेलं बाड म्हणजे प्रकल्प नव्हे

मांजराकाठ: काल एका प्राध्यापकांनी इथं लिहिलं की मराठवाड्यातल्या एम.ए.च्या पोरांना प्रकल्प लिहिता येत नाही, पाच प्रकरणांचा साचा (प्रस्तावना, साहित्याचा आढावा, संशोधन पद्धती, विश्लेषण, निष्कर्ष) तोंडपाठ करून घ्या, बाकी आपोआप जमतं. हे वाचून गप्प बसवेना.

साचा सगळ्यांना पाठ आहे, घोळ तिथंच आहे. विषय लातूरची पाणीटंचाई, आणि पहिलं प्रकरण ‘पाणी हे जीवन आहे’ इथून सुरू. मग पृथ्वीवरचं पाणी, मग भारत, मग महाराष्ट्र. लातूर येईस्तोवर निम्मी पानं संपलेली. संशोधन पद्धतीत ‘प्राथमिक व दुय्यम साधने वापरली’ एवढं एक वाक्य. कुणाला विचारलं, कोणत्या गावात, कधी, पत्ता नाही. आणि निष्कर्ष काय, तर ‘जनजागृती व्हायला हवी’. एप्रिल २०१६ मध्ये ज्या शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्याच्याबद्दल एवढंच सांगायचं?

आधी प्रश्न एका वाक्यात लिहा. ‘पुनर्भरण केलेल्या विहिरींना उन्हाळ्यात इतर विहिरींपेक्षा जास्त दिवस पाणी राहतं का?’ असा. (पुनर्भरण म्हणजे पावसाचं पाणी विहिरीत सोडून जिरवणं.) मग विहिरींची खोली, पुनर्भरण कधी केलं, पाणी कधी आटलं, हा तक्ता करावाच लागतो. कोणतं प्रकरण कशासाठी हे त्यातूनच ठरतं. प्रस्तावना शेवटी लिहा, गोषवारा त्याच्याही नंतर.

बालाघाट_बीड: बोलायला सोपंय सर. विषय मिळतो जानेवारीत, जमा करायचा मार्चमध्ये. उन्हाळ्यातली विहीर कुठून बघायची? आमच्याकडं दिवाळीच्या आसपास आई-बाप ऊसतोडीला जातात, घर आन् लहान भावंडं पोरांवर. साचा होता म्हणून पोरं पास तरी झाली. त्याला नावं ठेवू नका.

मांजराकाठ: विहीरमालकाला विचारा, गेल्या वर्षी कधी आटली. आणि ‘ही माहिती मालकाच्या आठवणीवर आधारित आहे’ असं सरळ लिहा. मर्यादा लिहिल्या म्हणून कुणी मार्क कापत नाही.

डीटीपी_परभणी: कापतात. माझ्या टायपिंग-छपाईच्या सेंटरवर पोरं रडकुंडीला येऊन ते पान काढायला लावतात. आणि बरीच पोरं मागच्या वर्षीची फाईलच आणतात, ‘काका, गावाचं नाव तेवढं बदला’. सगळं कृतीदेव नाहीतर श्रीलिपी असल्या जुन्या फॉन्टात. दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडलं की नुसती चिन्हं.

गोदावरी_नांदेड: मग चोरी सापडणार कशी? त्या फाईलमधलं मराठी तपासणीच्या सॉफ्टवेअरला मराठी म्हणून दिसतच नाही. यूजीसीचा (विद्यापीठ अनुदान आयोगाचा) २०१८ चा नियम आहे: प्रबंधात १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, त्यापुढं ४० पर्यंत सहा महिन्यांत पुन्हा लिहून द्यायचं, ६० च्या वर नोंदणी रद्द. जुन्या फॉन्टात हा नियम कागदावरच राहतो. कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठी म्हणूनच दिसणाऱ्या युनिकोडची सक्ती करा.

डीटीपी_परभणी: ताई, सक्ती म्हणायला काय जातंय. पानं मांडायचं आमचं जुनं सॉफ्टवेअर पेजमेकर, त्याला युनिकोड कळत नाही, जोडाक्षरं फुटतात. नवं सॉफ्टवेअर तुम्ही घेऊन देणार का?

गोदावरी_नांदेड: पेजमेकर लागतंय कामून? लिबरऑफिस हे लिखाणाचं सॉफ्टवेअर फुकट आहे. प्रकरणांच्या शीर्षकांना त्यातली ‘हेडिंग’ स्टाईल द्या, अनुक्रमणिका आपोआप तयार होते, पानं सरकली तरी पुन्हा अपडेट करता येते. पोरांकडून अनुक्रमणिकेचे वेगळे पैसे घेणं बंद होईल म्हणून तुम्हाला नको असेल.

डीटीपी_परभणी: पैशावर जाऊ नका! व्हायवाच्या (तोंडी परीक्षेच्या) आदल्या रात्री लाईट गेलेली असताना इन्व्हर्टरवर बसून बाइंडिंग करून देतो मी, तेव्हा तुमचे मार्गदर्शक फोन उचलत नसतात. अनुक्रमणिकेचं खरंय, मान्य. फॉन्टचं नाही.

बालाघाट_बीड: फॉन्टवरून भांडून झालं असेल तर ऐका. माझ्या बहिणीनं ऊसतोड मजुरांच्या पोरांच्या हंगामी वसतिगृहांवर प्रकल्प केला. ऊसतोडीच्या तळावर, मजुरांच्या कोपीत (झोपडीत) बसून बायांशी बोलली. मार्गदर्शक म्हणाले, ह्या मुलाखती परिशिष्टात टाका, आधी साहित्याचा आढावा वाढवा. तिनं जुन्या प्रकल्पातून आढावा उतरवला. तिनं स्वतः मिळवलेलं मागं गेलं आन् उतरवलेलं पुढं आलं.

मांजराकाठ: मग साच्याची बाजू कशाला घेताय? हेच तर मी म्हणतोय! त्या मुलाखती हाच तिचा रिपोर्ट होता. आढाव्यात तिच्या प्रश्नाशी भिडणारी चार-पाच कामं पुरली असती. शोधगंगा या वेबसाइटवर विद्यापीठांतले प्रबंध फुकट वाचता येतात. कुणाला काय सापडलं आणि काय राहून गेलं, एवढं आपल्या शब्दांत लिहायचं.

बालाघाट_बीड: शोधगंगा आहे हे तिला कुणी सांगितलं होतं? साचा काढून घ्याल आन् शिकवणार कुणीच नाही, तर पोरगं कोरा कागद घेऊन बसेल. प्रश्न आधी लिहायचा, हे पटलं. पण तो कसा लिहायचा हे वर्गात बसवून कुणीतरी शिकवा, मग साचा सोडू.

मांजराकाठ: बरोबर. विषय जुलैत ठरवा आणि पहिला महिना फक्त प्रश्नावर घालवा. तेवढं झालं तर पाच प्रकरणांवर मी वाद घालणार नाही.

गोदावरी_नांदेड: जुलैत आमच्याकडं प्रवेशसुद्धा पुरे झालेले नसतात.