लाकडी जमिनीवर संगमरवरी फरशी: आधी काय करावे?

सप्रेम नमस्कार मंडळी,

न्यू जर्सीतील आमचे घर १९५०च्या दशकातले आहे. स्वयंपाकघरात संगमरवरी फरशी असावी, ही माझ्या आईची फार दिवसांची इच्छा आहे. परंतु तेथे कोणी चालू लागले की जमीन दबते, फळ्या कुरकुरतात आणि कपाटातील वाट्या किणकिणतात. सध्याचे टाइलचे नऊ इंची जुने तुकडे खरवडून काढून फळ्यांवर अर्ध्या इंचाचा सिमेंट बोर्ड (फरशीखाली बसवायचा सिमेंटचा तक्ता) ठोकला की जमीन पक्की होईल, असे ठेकेदार म्हणतात. तळघरातून पाहिले असता २ बाय ८ इंची तुळया १६ इंचांच्या अंतराने असून त्यांचा गाळा, म्हणजे दोन टेकणींमधले अंतर, १२ फुटांचा आहे. काम सुरू करावे काय?

एक सभासद

---

ताई, सप्रेम नमस्कार.

अशा रीतीने काम सुरू करू नये, ही कळकळीची विनंती. सर्वप्रथम, त्या काळातील नऊ इंची तुकड्यांत आणि त्यांच्या काळ्या डिंकात पुष्कळदा ॲस्बेस्टॉस असते, ज्याचे तंतू श्वासावाटे गेल्यास फुप्फुसांना घातक ठरतात. प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत ते खरवडू किंवा घासू देऊ नका.

सिमेंट बोर्ड फरशी चिकटवायचा मसाला धरून ठेवायला उत्तम आहे, परंतु जमिनीला ताठपणा देणे हे त्याचे काम नव्हे. आपल्याकडे शहाबादी फरशी मुरमाच्या भरावावर किंवा स्लॅबवर बसते, त्यामुळे खालचा आधार वाकेल असा विचारच आपल्या मनात येत नाही. येथील जमीन म्हणजे जुन्या वाड्याचा कडीपाटच. फरक एवढाच की वाड्यात त्यावर माती असे आणि ती सारवता येई, तर संगमरवराला गेलेला तडा सारवता येत नाही. म्हणूनच सिरॅमिक टाइलसाठी तुळईचा झोल (भाराखाली मधोमध येणारा बाक) गाळ्याच्या ३६०व्या भागापर्यंत चालतो, तर नैसर्गिक दगडासाठी तो ७२०व्या भागाच्या आत ठेवावा लागतो. आपल्या १२ फुटांच्या गाळ्यात हे अनुक्रमे ०.४ आणि ०.२ इंच होतात. आपल्या तुळया लाकूड सुस्थितीत असेल तर पहिल्या कसोटीला जेमतेम उतरतील, दुसऱ्या कसोटीला मात्र नाही.

यावर दोन उपाय आहेत. प्रत्येक तुळईला त्याच मापाची दुसरी तुळई पूर्ण लांबीभर जोडून दोन्ही टोके टेकणीवर बसवली, तर ताठपणा दुप्पट होतो. गाळ्याच्या मध्यावर आडवा बीम व खांब दिले, तर अर्ध्या झालेल्या गाळ्यात, सर्वत्र सारख्या पसरलेल्या भाराखाली, झोल सोळाव्या भागाइतकाच उरतो. मात्र खांबांखाली काँक्रीटचा स्वतंत्र पाया हवा आणि नगरपालिकेचा परवानाही. नळजोडणीसाठी कोणी तुळईच्या मधल्या तिसऱ्या भागात खाच घेतली आहे काय, हेही दिवा घेऊन पाहा. तुळयांमधल्या आडव्या ठोकळ्यांमुळे भार शेजारच्या तुळयांत वाटला जातो, पण तेवढ्यावर भागत नाही.

तुळया ताठ झाल्या तरी दोन तुळयांमधला पृष्ठभाग वाकतोच. त्या फळ्या उन्हाळ्याच्या दमटपणात फुगतात आणि हिवाळ्यात हीटरने आक्रसतात. म्हणून त्या काढून पाऊण इंची प्लायवूड तुळयांना गोंद आणि स्क्रूने बसवावा, व त्यावर अर्ध्या इंचाचा दुसरा थर द्यावा. दुसऱ्या थराचे सांधे तुळयांवर येऊ देऊ नयेत, त्याचे स्क्रू केवळ खालच्या थरात जावेत, तक्त्यांमध्ये एक अष्टमांश आणि भिंतीशी पाव इंच फट राहावी. ही भिंतीकडची फट मसाल्याने बुजवणे ही नेहमीची चूक आहे. यानंतरच मेम्ब्रेन (प्लायवूडची हालचाल फरशीपर्यंत पोचू न देणारा पातळ थर) किंवा सिमेंट बोर्ड. फिकट संगमरवरासाठी मसाला पांढराच वापरावा. करडा खालून डोकावतो.

आपला,
निवृत्त स्थापत्य अभियंता

---

आदरणीय काका,

सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार. दोन तुळयांमधून सांडपाण्याचा पाइप जात असल्याने जोडतुळई पूर्ण लांबीची बसत नाही. त्यामुळे बीमच्या आराखड्यासाठी स्थानिक अभियंत्यांना बोलावले आहे. तुकड्याचा नमुना प्रयोगशाळेत दिला आहे. दोन थरांमुळे जमीन उंच होईल, तेव्हा डिशवॉशर ओट्याखाली अडकेल काय?

---

ताई,

अडकू शकते. फरशी त्याच्या खालीही पूर्ण न्यावी आणि ओट्याखालची उंची आधी मोजून ठेवावी. पुढे केवळ दुरुस्तीसाठी फरशी फोडावी लागू नये.