मोदकाच्या सारणाला पिवळाधमक गूळच कशाला?

देवगडकरीण:
चतुर्थी जवळ आली की वाण्याकडे एकच मागणी, "पिवळा गूळ द्या हो." तपकिरी ढेप तशीच पडून राहते. माझं ठाम मत आहे, घरात तपकिरीच गूळ यावा.

आपल्याकडे सिंधुदुर्गात ऊस थोडाच, वैभववाडी-कणकवलीच्या बाजूला. गूळ बहुतेक घाटावरून, कोल्हापूरहून उतरतो. गुऱ्हाळावर उभी राहून पाहिलंय, म्हणून सांगते. चरकातला रस काहिलीत येतो, खाली चुलवाणात चिपाडं धडधडत असतात. रस तापला की रानभेंडीची खोडं ठेचून काढलेलं बुळबुळीत पाणी ओततात. त्यात घाण अडकून काळपट मळी वर येते, ती झाऱ्याने काढत राहायची. आंबटपणा मारायला चुन्याची निवळी. १०५ अंशांच्या आसपास उतरवली तर काकवी. ११८-१२० ला गुळव्या पाकाचा थेंब गार पाण्यात टाकतो, बोटांत त्याची गोळी वळली की काहील उतरते. हा गूळ तपकिरी होतो. पिवळेपणासाठी हायड्रोस पावडर मारतात, तिचा गंधकाचा अंश गुळात राहतो. काही दमेकऱ्यांना तो बाधतो.

घाटमाथा:
ताई, आमचं गुऱ्हाळ आहे. पावडरीबद्दल तुमचं खरं, पण रंगावरून पारख करू नका. को-सी ६७१ जातीचा ऊस, चांगली जमीन आणि मळी नीट काढलेली असेल, तर पावडरीशिवायही सोनेरी गूळ उतरतो. उलट खारवट रानातला ऊस किंवा करपलेला पाक असेल, तरीही गूळ काळाच. आणि गुऱ्हाळं दसरा-दिवाळीला पेटतात. गणपतीत तुम्हाला मिळतो तो मागच्या हंगामातला साठवणीचा गूळ, जो ठेवून ठेवून काळवंडतो. मग काळा म्हणजे शुद्ध हे कुठून आलं? सौद्यात काळ्या ढेपेला कमी भाव मिळतो, तो तोटा आम्ही सोसतो.

आरोग्यसेविका_मालवण:
रंगावर भांडताय, पण गावोगावी मी वेगळंच ऐकते. "गूळ चालतो, साखर नाही," असं म्हणत मधुमेही माणसं बिनधास्त खातात. गुळात बहुतांश साखरच असते. १०० ग्रॅमला साखरेच्या ४०० च्या जागी ३८० कॅलरी, एवढाच फरक. लोह १०० ग्रॅमला साधारण ५ मिलिग्रॅम. बाईला दिवसाला २९ लागतं. म्हणजे अर्धा किलोहून जास्त गूळ! रक्त कमी असेल तर गोळी घ्या, नाचणी-पालेभाजी खा, वर लिंबू पिळा. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांखाली ठेवायला सांगते. गूळ त्यातच धरायचा.

कुळागर:
सेविकाताई, आकडे बरोबर, पण लावणीला दिवसभर चिखलात वाकलेल्या माणसाला गूळ-पाणी दिलं ते अर्धा किलो खाण्यासाठी नव्हे. साखरेत लोह, पोटॅशियम काहीच उरत नाही, गुळात थोडं तरी उरतं. थोडं म्हणजे शून्य नव्हे. आमच्या रस-शिरवाळ्यांक (तांदळाच्या शेवया नि नारळाचो गोड रस) काळोच गूळ लागता, साखर घातली तर नारळाच्या रसाला ती खमंग चवच येत नाही.

आरोग्यसेविका_मालवण:
चवीला माझा विरोध नाही, काका. घाम गाळणाऱ्याला गूळ-पाणी द्या. पण "गुळाने फुफ्फुसं साफ होतात" असं सांगून दम्याचा पंप बंद केलेले लोक मला भेटतात, म्हणून मी अडते.

सागरकिनारी:
एक अडचण कुणी बोललं नाही. आपल्या पावसाळ्यात मऊ गूळ पाझरतो, बुरशी येते. कडक पिवळी ढेप टिकते, म्हणून आई तीच घेते.

देवगडकरीण:
पाझरतो, कारण गूळ हवेतली ओल ओढतो. महिन्यापुरताच घ्या, कोरड्या काचेच्या बरणीत घट्ट झाकून ठेवा. मी पिवळ्यालाही पाझर फुटलेला पाहिलाय. घाटमाथादादा, सोनेरी गूळ पावडरीशिवाय होतो हे मान्य. पण दुकानात उभ्या गिऱ्हाइकाने तो ओळखायचा कसा? अन्नसुरक्षा नियमात गुळातल्या सल्फर डायऑक्साइडची, म्हणजे त्या गंधकाच्या अंशाची, मर्यादा ७० पीपीएम (किलोला ७० मिलिग्रॅम) आहे, ती जिभेला कळत नाही. म्हणून मी भडक पिवळा टाळते, आणि सेविकाताई म्हणतात तसा बेतानेच खाते.

घाटमाथा:
मग वाण्याला "बिनपावडरीचा द्या" म्हणा, आणि तपकिरी ढेपेला पिवळ्याइतकाच भाव द्या. आम्हीही पावडर हौसेने मारत नाही.