निशीकासाईचं ग्योसेन पार्क

वर विचारलंय की तोक्योत लहान मुलांना घेऊन फुकटात कुठे जावं. बहुतेकांनी उएनोचं मोठं पार्क सुचवलंय, पण तिथली रविवारची गर्दी नको असेल तर निशीकासाईचं ग्योसेन पार्क बघा. तोझाई या मेट्रो लाइनच्या स्टेशनवरून चालत जाता येतं. आत एक छोटं प्राणिसंग्रहालय आहे आणि तिकीट नाही! रेड पांडा, पेंग्विन, वॉलबी (कांगारूचा छोटा भाऊ). पण पोरं रमतात ती गिनीपिगच्या कोपऱ्यात. मांडीवर गरगरीत गोळा ठेवला की वांड कार्टंही श्वास रोखून बसतं. सोमवारी मात्र बंद असतं, सोमवारी सुट्टी आली तर मंगळवारी.

शेजारीच जपानी पद्धतीची हेइसेइ बाग, तळ्याकाठी आजी-आजोबांना बसायला झकास. या भागात भारतीय इतके की झोपाळ्यापाशी मराठी कानावर पडलं तर दचकू नका.

आणखी एक गंमत, ही जपानातल्या बऱ्याच पार्कांत दिसते: काही बाकांची फळी काढली की खाली चूल निघते. भूकंपानंतर तिथेच भात शिजवायचा. डबा न्या, पण कचऱ्यासाठी पिशवीही न्या. कचरापेटी शोधत फिराल.