विमान अपघातांचे सिनेमे बघताना तुम्हाला काय झालं? (अनुभव धागा)

सिनेमाचं परीक्षण नकोय. विमान अपघातावरचा सिनेमा बघताना कुठल्या जागी "हे खरंय" असं वाटलं, कुठं खोटं वाटलं, आणि ते तुमच्या कुठल्या आठवणीला जाऊन भिडलं, तेवढं लिहा. मराठवाड्यातल्यांनी तर लिहाच. आपल्याकडं विमानं मोजकी, पण 26 एप्रिल 1993 चा विमान अपघात आपल्याच शिवारात घडला.

सुरुवात मी करतो. मी चिकलठाण्याचा, संभाजीनगरच्या विमानतळाजवळचा. तेव्हा चौथीत होतो. आईनं सकाळी गच्चीवर कुरडया घातल्या होत्या आणि कावळे हाकलायला मला बसवलं होतं. हातात वेताची काठी, डोक्यावर ओला पंचा. मुंबईला जाणारं विमान रोजचंच, त्यामुळं आवाज आला तरी मी मान वर केली नाही. लांब काळा धूर दिसला तेव्हा वाटलं कुणाचं वावर पेटलं. खालून कुणीतरी ओरडत गेलं, "विमान पडलं, विमान!" आई वर आली, धुराकडं बघितलं, आणि एक शब्द न बोलता अर्धवट ओल्या कुरडया धोतरासकट गोळा केल्या. संध्याकाळी त्या गाईपुढं टाकल्या. त्या वर्षी आमच्याकडं वाळवण झालं नाही.

धावपट्टी संपायची तिथूनच तेव्हा बीड रस्ता जायचा. उडता उडता विमान त्या रस्त्यावरच्या कापसाच्या गाठी भरलेल्या ट्रकला धडकलं, पुढं विजेच्या तारांना, मग जमिनीवर. 118 जणांपैकी 55 गेले. 63 जण वाचले, हे मला कितीतरी वर्षांनी कळलं.

म्हणून पडद्यावरच्या स्फोटानं मला काही होत नाही. अमेरिकेतल्या 11 सप्टेंबरच्या अपहरण झालेल्या विमानावरचा 'युनायटेड 93' बघताना माझ्या पोटात गोळा आला तो सुरुवातीला, काहीच घडत नव्हतं तेव्हा. माणसं कामावर येतात, खुर्च्या सरकवतात, रोजची बोलणी करतात. अमेरिकेच्या हवाई वाहतुकीचे त्या दिवशीचे प्रमुख बेन स्लायनी यांनी त्यात स्वतःचीच भूमिका केली आहे. 11 सप्टेंबर 2001 हा त्यांचा त्या पदावरचा पहिला दिवस होता. ते नट नाहीत हे माहीत नसतानाही मला त्यांच्याकडंच बघत राहावंसं वाटलं. रोजचा दिवस रोजच्यासारखा दाखवला की मला ती कुरड्यांची सकाळ आठवते.

परभणीहून

माझी धाकटी बहीण विमानात केबिन क्रू आहे. 'नीरजा' लागला तेव्हा ती सुट्टीवर आली होती. आम्ही दोघी आणि माय, तिघी थेटरात. नीरजा भनोत गेल्या 5 सप्टेंबर 1986 ला, कराचीत; दोन दिवसांवर तेविसावा वाढदिवस होता. अपहरण झालेलं विमान सतरा तास विमानतळावर उभं. गोळीबारात मी डोळे झाकले, पण मायनं झाकले नाहीत. पण घरी नीरजाची आई वाट बघते, ते आलं की माय कुजबुजायची, "बग की, फोनपाशीच बसून राहायली." तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा मी तिच्याकडं बघितलं. पदर तोंडात होता.

बहिणीला मी नंतर विचारलं, खरं कितपत होतं गं? ती म्हणाली, दरवाजा उघडून स्वतः आधी न उतरणं, हे खरं. आम्हाला शिकवतातच ते. बाकी माणसाचं माणसावर.

परत जाताना मायनं तिच्या बॅगेत शेंगदाण्याच्या चटणीची बरणी घातली आणि म्हणाली, पोचलीस की आधी फोन, मग चहा. अजून तोच नियम आहे.

औसा, जि. लातूर

हे लिहावं की नाही, चार दिवस विचार केला.

1972 साली अँडीज पर्वतात उरुग्वेच्या वायुदलाचं विमान पडलं. 45 जणांतले 16 वाचले, 72 दिवसांनी. त्यावरचा 'सोसायटी ऑफ द स्नो' माझ्या मुलानं घरी लावला. विमान आपटतं, खुर्च्या उपटून पुढं जातात, हाडं मोडल्याचा आवाज येतो. तिथं मुलगा दचकला, मी नाही. पुढं रात्री सगळे विमानाच्या सांगाड्यात झोपलेले असतात आणि वरून बर्फाचा कडा कोसळतो. सगळा अंधार. आवाज नाही. फक्त श्वास.

मी म्हणालो, बंद कर.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे मी सहा वर्षांचा होतो, किल्लारीजवळच्या गावी आजोळी. गणपती बोळवून सगळे उशिरा निजले होते. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचं धाबं, भूकंपात तेच अंगावर आलं. आजीचा हात माझ्या छातीवर होता. आधी गरम, मग गार. तोंडात माती आणि कानात आपलाच श्वास, बाकी काही ऐकू येत नाही. लोक विचारतात किंकाळ्या ऐकल्यास का? मी एकही ऐकली नाही. इतर सिनेमांत ढिगाऱ्याखालचं माणूस नेहमी ओरडत असतं. या एका सिनेमानं ते बरोबर दाखवलं. कुणीतरी त्या वाचलेल्यांना नीट बसवून विचारलं असणार, आणि त्यांनी सांगितलं ते मन लावून ऐकलं असणार.

दोन दिवसांनी मी उरलेला सिनेमा एकट्यानं बघितला. जो जातो त्याचं नाव आणि वय पडद्यावर येतं. शेवटी वाचलेल्यांची यादी फोनवर वाचणारा माणूस आहे ना, ते स्वतः त्या अपघातातून वाचलेले कार्लितोस पाएस. त्यांनी आपल्याच वडिलांचं काम केलंय. म्हणजे आपलं नाव आपणच, बापाच्या तोंडून वाचलं.

आमच्या गावची यादी शाळेच्या पत्र्यावर चिकटवली होती. मामा बोट ठेवून वाचत होता. आजीच्या नावावर बोट थांबलं, ते मला अजून दिसतं. मुलाला मी हे पहिल्यांदा त्या रात्री सांगितलं.

जालना (सध्या नोकरीनिमित्त बाहेर)

मी विमानांची देखभाल करतो, हँगरमध्ये. थोडं कामाचं बोलतो. 'सली' सुंदर आहे. पक्षी इंजिनात गेल्यापासून न्यूयॉर्कच्या हडसन नदीत उतरेपर्यंत 208 सेकंद, आणि 155 च्या 155 जण जिवंत. ते सगळं जवळजवळ जसंच्या तसं. पण चौकशीवाले त्यात खलनायक केलेत, याचा मला फार त्रास झाला. विचार करायला लागणारे 35 सेकंद धरून सिम्युलेटरवर चाचणी प्रत्यक्षात चौकशी करणाऱ्यांनीच घेतली होती, आणि तसं केल्यावर विमान धावपट्टीपर्यंत पोचलं नाही, म्हणजे नदीत उतरणंच बरोबर होतं. सिनेमात ते त्यांच्याकडून ओढून काढावं लागतं.

चौकशी फाशी द्यायला नसते. चिकलठाण्याच्या अपघातात विमान उशिरा आणि चुकीच्या पद्धतीनं उचललं हे निघालं, तसंच विमानाच्या वेळेला बीड रस्त्यावरची वाहतूक आवरली नव्हती हेही निघालं. दोन्ही लिहून ठेवलं म्हणून पुढचं सुधारता येतं. कुणीतरी सिनेमा काढावा तो या लोकांवर. जळालेल्या पत्र्यातून 'ब्लॅक बॉक्स' म्हणतात तो नारंगी रंगाचा डबा शोधणारे (काळा नसतो तो), गेलेल्या माणसांचे शेवटचे आवाज हेडफोन लावून पुन्हा पुन्हा ऐकणारे. माझी सही ज्या कागदावर असते ना, तो कागद भरताना मला हेच लोक आठवतात.

धाराशिवहून

माझं थोडकंच. 12 जून 2025 नंतर मी असा एकही सिनेमा बघितलेला नाही. अहमदाबादला विमान मेडिकलच्या होस्टेलवर पडलं, 260 माणसं गेली, त्यात विमानात न बसलेलीही होती. मेडिकलच्या मुलांच्या खानावळीतल्या ताटांचे फोटो आले होते. टेबलं तशीच, ताटात वाढलेलं तसंच. यावर सिनेमा काढायचा असेल त्यांनी घाई करू नये, एवढंच म्हणायचंय.

माझी लेक लातूरला मेडिकलच्या होस्टेलात आहे. त्या दिवशी दुपारी तिला फोन लावला. तोंडात घास होता तिच्या. म्हणाली, "मम्मी, जेवायलेय, नंतर करू?"

मी म्हटलं, "जेव बाई. फोन चालू ठेव, मी काही बोलत नाही."