पहिल्या सत्रात दोर दोनदा, कागद रोज. हा कोर्स असाच असतो का?

कातळवेडी
आउटडोअर रिक्रिएशनच्या, म्हणजे लोकांना डोंगरात-पाण्यात सहलींना नेण्याच्या, पदवीचं पहिलं सत्र चालू आहे. आठ आठवडे झाले. सोळाव्या वर्षापासून चढाई करते, त्यामुळे इथे आल्यावर निदान हात दुखेपर्यंत कातळ मिळेल असं वाटलं होतं. आतापर्यंत दोर दोनदा हातात आला. दोन्ही वेळा फिगर ऑफ एट ही इंग्रजी आठच्या आकाराची गाठ बांधायची, दाखवायची, सोडायची. संपलं.

बाकी काय, तर जोखमीचे तक्ते, सहभागींचा आरोग्य फॉर्म, 'गट कसा जमतो, कसा बिनसतो' यावर तीन तास, आणि दर शुक्रवारी 'आज काय अनुभवलं आणि त्यातून काय कळलं' अशी डायरी. अनुभव, मग त्यावर विचार, त्यातून नियम, मग पुन्हा प्रयोग, हे अनुभवातून शिकण्याचं कोल्बचं चक्र एव्हाना झोपेतही काढून दाखवेन.

गेल्या आठवड्यात सहलीचा आराखडा लिहायला दिला. बारा नवखे, दोन दिवस, पहिल्या दिवशी १२ किमी आणि ९०० मीटर चढ. वेळ काढायला मी नाइस्मिथचा नियम लावला: ताशी ५ किमी, वर दर ६०० मीटर चढाला एक तास. ३ तास ५४ मिनिटं आली. लिहिलं, 'दुपारी बाराला निघून चारला मुक्कामी.' कागद परत आला तो एकाच लाल शेऱ्यासह: 'कोण पोचणार?'

गणित बरोबर आहे, मी तीनदा तपासलं. मग चुकलं कुठे? आणि खरं सांगा, हे सगळं सोडून सरळ चढाईचे कोर्स केले तर काम मिळणार नाही का?

ओली_सॅक
तिसऱ्या वर्षाला आहे. डायरीचा कंटाळा मलाही यायचा. एकच सांगते, 'खूप छान वाटलं' लिहू नकोस, सरांना झोप येते. कोण कुणाशी बोललं नाही ते लिही. बाकीचं मोठी माणसं सांगतील.

जुना_दोर
शेरा कुणी लिहिला माहीत नाही, पण त्या माणसाला माझा नमस्कार सांग.

नाइस्मिथ हे स्कॉटिश गिर्यारोहक. नियम १८९२ चा. तो धडधाकट, सवयीच्या माणसासाठी आहे आणि त्यात थांबणं धरलेलंच नाही. तुझ्या ३ तास ५४ मिनिटांत तू पोचशील. बारा जणांचा वेग हा बाराव्याचा वेग. एकाच्या बुटाची नाडी सुटली की अकरा उभे राहतात, ते उभे राहिले की एकाला लघवी आठवते, तो येईपर्यंत तिसरा सॅक उघडून बसतो. नवख्यांना चालताना ताशी ३ किमी धर, चढाचा वेळ वेगळा, दर तासाला दहा मिनिटं थांबा, जेवण वेगळं. मग पुन्हा गणित कर.

आता माझं ऐक. एकोणीस वर्षं हे काम करतोय. पहिल्याच मोसमात मलाही तुझ्यासारखाच दोराचा माज होता. चौदा मुलं घेऊन निघालो आणि सवयीने पुढे चालत राहिलो. मागे एका मुलीला नव्या बुटांनी फोड आले होते. हे मला कळलं दोन तासांनी, कारण शेवटी चालायला कुणाला ठेवायचं असतं हे माझ्या डोक्यातच नव्हतं. डोंगराच्या धारेवर पोचेस्तोवर वारा आणि पाऊस. बडबड करणारा एक मुलगा गप्प झाला. मला वाटलं रुसलाय. मग पाहिलं तर त्याला जाकिटाची चेन लावता येत नव्हती. बोटं ऐकत नव्हती, नंतर शब्द जडावले, पुढे पाय अडखळायला लागले. शरीराचं तापमान उतरत होतं आणि मी त्याला 'चल रे, लवकर' म्हणत होतो.

त्या दिवशी मला येत असलेल्या बावीस गाठींपैकी एकही कामाला आली नाही. ताडपत्रीचा आडोसा, खाली दोन मॅट (वाऱ्यासारखीच जमीनही अंगातली ऊब खेचते, हे लक्षात ठेव), ओले कपडे काढून दुसऱ्याचे कोरडे, मग साखर घातलेलं गरम पाणी. तासाभराने तो शिव्या देण्याइतका शुद्धीवर आला. तोवर एक प्रश्न मला खात होता: याला कसली औषधं चालू आहेत का? फॉर्म भरून घेतले होते. व्यवस्थित, सगळ्यांचे. आणि ते खाली ऑफिसच्या खणात होते.

म्हणून म्हणतो, त्या आरोग्य फॉर्मला हसू नकोस.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लाइम बे आहे. मार्च १९९३ मध्ये तिथे कयाक (वल्हवायच्या छोट्या होड्या) घेऊन गेलेल्या शाळकरी गटातली चार मुलं दगावली. त्यांना नेणाऱ्या साहसी खेळांच्या केंद्राला धोक्याचं पत्र आधीच मिळालं होतं, तेही तिथेच काम सोडून गेलेल्यांकडून. पुढे १९९५ मध्ये ब्रिटनमध्ये अशा केंद्रांसाठी परवान्याचा कायदा आला. तुला जे रटाळ तक्ते वाटतात, त्यातल्या बऱ्याच रकान्यांमागे असं काहीतरी असतं.

आणखी एक गोष्ट, जी मला कुणी पहिल्या वर्षी सांगितली नाही. रॅपलिंगला, म्हणजे दोरावरून कडा उतरताना, माणूस थरथरतो, पण तिथे दोर आहे, हार्नेस आहे, दुसरा दोर आहे, तपासणारा आहे. गुडघाभर पाण्याचा ओढा ओलांडताना सगळे हसत असतात. माणसं जातात ती ओढ्यात. वाटणारा धोका आणि असणारा धोका वेगळे ओळखायचे, यासाठी तुला चार वर्षं मिळाली आहेत. सुट्टीत चढाई कर की, कोण नको म्हणतंय?

पगाराचं_काय
जुना_दोर यांचं पटतं, पण पोरीचा दुसरा प्रश्न तसाच राहिला. मी मोसमी माणसं भरतो. नुसती पदवी घेऊन आलेल्याला मी घेत नाही. नुसता चांगला चढणाराही नको, तो स्वतःच चढत बसतो. मी आधी लॉगबुक मागतो: किती दिवस बाहेर, त्यातले किती दुसऱ्यांना घेऊन, किती दिवस बेत बदलावा लागला. सगळे दिवस उत्तम गेले असं लिहिलेलं दिसलं की मी वही मिटतो.

दुसरं, दुर्गम भागातल्या प्रथमोपचाराचा मोठा कोर्स, साधारण ७० ते ८० तासांचा. नेहमीच्या प्रथमोपचारात रुग्णवाहिका येईपर्यंतचं शिकवतात. इथे ती येणारच नाही, असं धरून शिकवतात. हा कोर्स सुट्टीत उरकून टाक, पदवीची वाट बघू नकोस.

आणि काम कसलं असतं तेही कळू दे. तंबू धुणं, हेल्मेट मोजणं, दोराच्या वापराची नोंद ठेवणं. चाळीस वर्षांच्या साहेबांना, पाण्यापासून ६० मीटर लांब जाऊन शौचासाठी १५ ते २० सेंमी खोल खड्डा कसा करायचा, हे न हसता समजावणं. हे जमलं तर तुझी चढाई मला चालेल.

कातळवेडी
पुन्हा गणित केलं. चालणं ४ तास, चढ दीड तास, थांबे ५५ मिनिटं, जेवण ४० मिनिटं. एकूण ७ तास ५ मिनिटं. म्हणजे माझ्या बेताने मी बारा नवख्यांना शेवटचा रस्ता अंधारात चालवणार होते. हे लिहितानाही लाज वाटतेय.

आता निघायची वेळ सकाळी आठ. साडेबारापर्यंत खिंडीत पोचलो नाही तर वर जायचंच नाही, खालच्या सपाटीवर मुक्काम. ती जागा नकाशावर आखली. फॉर्मची एक प्रत माझ्याकडे, एक शेवटी चालणाऱ्याकडे, प्लास्टिकच्या पिशवीत. कागद पुन्हा दिला. या वेळी लाल शेरा नाही, पण कोरड्या कपड्यांच्या रकान्यापुढे प्रश्नचिन्ह आहे. मी प्रत्येकाला 'एक जादा जोड' लिहिलं होतं.

काका, त्यात काय चुकलं?

जुना_दोर
प्रत्येकाचा जोड प्रत्येकाच्या सॅकमध्ये, आणि पावसात सॅकही भिजतात. शिवाय दोघं तरी आणायला विसरतात. गटाचे म्हणून दोन जोड वेगळे ठेव, मोठ्या मापाचे, पाणी न शिरणाऱ्या पिशवीत.

कातळवेडी
माझ्या सॅकमध्ये ना?

जुना_दोर
तू पुढे असशील. शेवटी चालणाऱ्याच्या सॅकमध्ये.